अंगारकीचे नऊ डबे

पावटे आले नव्हते. सकाळचे साडेसहा वाजले होते, मिरजेच्या थंडीत स्वयंपाकघराच्या काचांवर वाफ धरली होती, आणि आजच्या डब्यांत जी उसळ जायची होती तिचे पावटे अजून बाजारातूनच निघाले नव्हते. पूर्वी अशा वेळी पल्लवी मगदूमची धांदल उडायची. आज ती ओले हात ॲप्रनला पुसत ओट्याच्या टोकाशी गेली आणि तिथल्या काचेच्या फळीला म्हणाली, "पावटे नाहीत. उद्यासाठी भिजवलेली मटकी तीस किलो आहे. ती आज घेऊ."

फळी उजळली. "मटकी चालणार नाही असे सतरा जण आहेत," आतून शांत आवाज आला. "त्यांना दुधी देऊ?"

"दे."

काचेवर एक नवा ठोकळा उमटला. बोटाच्या दोन पेरांएवढा, पिवळसर. पल्लवीने तो बोटाने सरकवून 'आजची उसळ' या रांगेत बसवला. त्याबरोबर पलीकडच्या मांडणीवरच्या शेकडो झाकणांवरची अक्षरं बदलली. पावट्याच्या जागी मटकी आली, सतरा झाकणांवर दुधी आला.

"आणखी काही?" फळीने विचारलं. ती प्रत्येक वेळी हे विचारायची.

"एवढंच," पल्लवी म्हणाली. तीही प्रत्येक वेळी हेच म्हणायची.

या फळीला सगळ्या बायका पाट म्हणत, कारण ती जेवायला बसायच्या पाटाएवढीच होती. 'आसरा' स्वयंपाकगृहात बत्तीस बायका काम करत. मिरजेच्या दवाखान्यांत चार जिल्ह्यांतून आणि कर्नाटकातून माणसं उपचारांना येतात, त्यांना पथ्याचे डबे पुरवायचे हे त्यांचं काम. कुणाला साखर नको, कुणाला तिखट नको, कुणाला सगळं वाटून हवं, कुणाला मीठ मोजून. साडेसहाशे डबे म्हणजे साडेसहाशे निरनिराळी जेवणं, आणि त्यांतलं कोणतंही दुसऱ्याच्या हाती पडून चालायचं नाही. हा सगळा मेळ आता पाट घालत असे.

त्याला शिकवायची रीत इतकी सोपी होती की पहिल्या दिवशी कुणाचा विश्वासच बसला नव्हता. आपल्याला जे हवं ते आपल्या भाषेत बोलायचं. पाट एक-दोन प्रश्न विचारून खात्री करून घ्यायचा आणि त्या वाक्याचा ठोकळा करायचा. ठोकळ्याला बोट लावलं की तो बोलणारीच्या आवाजात ते वाक्य म्हणून दाखवायचा. ठोकळ्याच्या खाली यंत्र स्वतःच्या स्वतः हजारो ओळींचा प्रोग्रॅम लिहीत असे; तो कुणी पाहत नसे, पाहायची गरजही नसे. चार वर्षांत चारशे अकरा ठोकळे झाले होते. भांडी घासणाऱ्या काशव्वानेही एक केला होता: "झाकणाला तडा असेल तर तो डबा भरू नका, माझ्याकडं पाठवा." तिला लिहायला-वाचायला येत नव्हतं. स्वतःचा ठोकळा मात्र ती पाहुण्यांना दाखवायची.

त्याआधीचा जमाना पल्लवीने पाहिला होता. तेव्हा इथल्या संगणकाला एकेक ओळ लिहून सांगावं लागायचं. एक चिन्ह इकडचं तिकडे झालं तरी तो अडून बसायचा. त्या ओळी लिहिल्या होत्या उज्ज्वला कोरे यांनी. गावात त्या कोरेबाई म्हणूनच ओळखल्या जात. मार्केटजवळ एका औषधाच्या दुकानावर त्यांचा संगणकाचा क्लास होता, आणि सोळाव्या वर्षी पल्लवीने तिथेच पहिल्यांदा कळफलकावर बोटं ठेवली होती. स्वयंपाकगृहासाठी बाईंनी चौदा हजार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला आणि बावीस वर्षं सांभाळला. त्यात काही बदल हवा असेल तर बाईंना चिठ्ठी द्यायची. मग त्या शोधणार, लिहिणार, तपासणार. आठ दिवस लागत, कधी पंधरा.

चार वर्षांपूर्वी तो प्रोग्रॅम पल्लवीनेच बंद केला. बाईंच्या समोर. बाई चहा प्यायल्या, कप स्वतः विसळून ठेवला आणि म्हणाल्या, "चांगलं झालं. आता माझ्या मागं लागायला नको तुम्हाला."

बाईंच्या स्वरात राग नव्हता. तरी रस्त्यात त्या दिसल्या की पल्लवीची मान आपोआप खाली जायची. गेल्या वर्षी बाईंची किडनी निकामी झाली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं आणि त्यांचा डबा 'आसरा'तून घरी जाऊ लागला. तेव्हापासून रोज बाईंच्या डब्याचं झाकण पल्लवी स्वतःच्या हाताने लावत असे. बाईंना हे ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी मंगळवार होता आणि संकष्टी, म्हणजे अंगारकी. उपासाचे डबे एकशे अडतीस. उपासाचा कोपरा वेगळा, शेगड्या वेगळ्या, भांडी वेगळी, आणि वीस वर्षं त्या कोपऱ्याची मालकीण होती हसीना मुल्ला. सगळ्यांची हसीनाभाभी. स्वतः कधी चतुर्थी न धरणारी ही बाई तिच्या कोपऱ्यात कांद्याचा हात लावू द्यायची नाही. "भाभी, आमच्यापेक्षा तुम्हालाच जास्त पुण्य लागणार बघा," असं कुणी म्हटलं की ती मान वर न करता म्हणायची, "माझं मी बघून घेते. तू दाणे भाज, करपवू नको."

पण आज भाभी नव्हती. लेकीच्या बाळंतपणासाठी चार दिवसांपूर्वी गोकाकला गेली होती. तिच्या जागी दोघीजणी उभ्या होत्या. साबुदाणा मोकळा झाला होता, बटाटे मऊ शिजले होते, दाण्याच्या आमटीचा वास रस्त्यापर्यंत गेला होता. झाकणांवर 'उपास' असं लिहिलेल्या सगळ्या डब्यांत हेच भरलं गेलं. साडेदहाला विजेवर चालणाऱ्या छोट्या गाड्या डबे घेऊन निघाल्या. बाईंच्या डब्याचं झाकण आज मात्र दुसऱ्याच कुणी लावलं. पल्लवी तेव्हा पावटेवाल्याशी भांडत होती.

सव्वाअकराला फोन आला.

"पल्लवी, मी कोरेबाई बोलतेय."

"बोला की बाई. डबा पोचला?"

"पोचला. त्यात बटाट्याची भाजी आहे. आणि दाण्याची आमटी."

"आज अंगारकी ना. तुमच्या नावापुढं उपास आहे."

"दर संकष्टीला असतो. दर संकष्टीला मला भगर येते, दुधीच्या भाजीबरोबर." बाई थोडं थांबल्या. क्लासमध्ये फळ्यावर एखादी चूक दिसली की मुलांनी ती स्वतः पाहावी म्हणून त्या अशाच थांबायच्या. "बटाट्यात आणि दाण्यात काय असतं ते सांग."

पल्लवीला उत्तर माहीत होतं. गेली वीस वर्षं ती पथ्याचेच डबे करत होती. बटाट्यात, दाण्यात पोटॅशियम असतं. धडधाकट माणसाची किडनी ते जास्तीचं पोटॅशियम बाहेर टाकते. किडनी बिघडली की ते रक्तात साठत जातं आणि फार साठलं तर हृदयाचा ठेका चुकतो. कधी कधी थांबतोही.

"बाई, तुम्ही खाल्लं नाही ना?"

"मी काय खाते. माझं सोड. किडनीच्या पथ्यावरच्या आणखी किती जणांना हा डबा गेलाय? घाबरू नकोस. आधी मोज."

पल्लवीने पाटाला विचारलं. उत्तर लगेच आलं. नऊ.

जुन्या काळी ही नऊ नावं शोधायलाच दुपार झाली असती. पल्लवीने फोन कानाशीच धरून ठेवला. ती पाटाला म्हणाली, "किडनीचं पथ्य आणि उपास, दोन्ही असलेल्यांची झाकणं लाल कर. वर लिही, खाऊ नका, दुसरा डबा येतोय. आत्ता."

"झाकण बंद असो वा उघडं?"

"कसंही असो. लगेच."

ठोकळा उमटला. मिरजेत नऊ ठिकाणी नऊ झाकणं एकदम लाल झाली. सगळं मिळून पाऊण मिनिट गेलं होतं. फोनच्या पलीकडे बाईंच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावरचं झाकणही लाल झालं असणार, कारण बाई हळूच म्हणाल्या, "वा."

झाकणावरची सूचना वाचून त्यावर बोट ठेवलं की 'वाचलं' असा निरोप पाटाकडे येत असे. एक आला. दोन आले. पल्लवी काचेवर नजर लावून उभी होती. तिच्या मागे बायका गोळा झाल्या होत्या. काशव्वा ओठांतल्या ओठांत मोजत होती. पाच. सात. बाईंचा आठवा.

नववा येईना.

शोभा हारगे, वय अठ्ठावन्न, समोरच्याच दवाखान्यात, बायकांचा वॉर्ड, चौदा नंबरची खाट. पल्लवीने वॉर्डात फोन लावला. तो वाजत राहिला. मग ती फोन तसाच हातात धरून पळाली. रस्ता ओलांडला, जिना चढली, चपला कुठे निसटल्या ते तिला कळलंही नाही.

चौदा नंबरच्या खाटेवर एक हाडकुळी, हसऱ्या चेहऱ्याची बाई मांडी घालून बसली होती. डबा मांडीवर. झाकण खाटेवर उलटं ठेवलेलं, आणि त्यात दाण्याची आमटी वाढून घेतलेली. लाल झालेली बाजू खाली चादरीवर टेकली होती. तिचा उजेड चादरीच्या एका चुणीत पुसट दिसत होता.

पल्लवी तिथेच थबकली. झाकण उलटं ठेवून त्यात पातळ पदार्थ घ्यायचा, ही तर तिची स्वतःचीही सवय. तिच्या आईची, तिच्या बरोबरच्या बत्तीस जणींची. रोज दुपारी त्या सगळ्या तशाच जेवायच्या. झाकणाच्या वरच्या बाजूला अक्षरं उमटवताना हे त्यांच्यातल्या एकीच्याही मनात आलं नव्हतं.

"या की," शोभाताई म्हणाल्या. "तुम्ही डब्याच्या ना? लई दिवसांनी तोंडाला चव लागली बघा. रोजचं ते अळणी. आज म्हटलं, गणपतीच पावला."

डब्यात भाजीचा एक घास उरला होता.

पल्लवीने तो डबा त्यांच्या हातातून अगदी हळू काढून घेतला. नर्सला सांगितलं. डॉक्टर आले, छातीला तारा लावून पाहिल्या, रक्त काढलं. उद्याचं डायलिसिस आजच, तासाभरात, असं ठरलं. ढकलखुर्चीत बसून जाताना शोभाताईंनी पल्लवीचा हात धरला. "एवढ्याशा भाजीनं काय होतंय गं? तू का रडायलीस?"

"रडत नाही मी."

"बरं. मग उपास मोडला म्हणायचा की नाही, एवढं कुणाला तरी विचारून ठेव."

चार तास पल्लवी डायलिसिसच्या खोलीबाहेर बाकावर बसून राहिली. अनवाणी. चारच्या सुमाराला डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले की धोका टळला आहे. मग जाताजाता, "वेळेत कळलं म्हणून," एवढं बोलून ते पुढे गेले.

स्वयंपाकघरात परत आल्यावर तिने पहिल्यांदा पाटाला विचारलं, "असं का झालं?"

"किडनीच्या ठोकळ्यात मीठ, डाळ, केळं आणि नारळपाणी मना आहे," पाट म्हणाला. "उपासाच्या ताटात सैंधव वेगळं दिलं जातं, डाळ नसते, केळं आणि नारळपाणी आज नव्हतं. ताट नियमात बसत होतं."

आवाज नेहमीसारखाच शांत होता आणि तो सांगत होता त्यात खोटं काही नव्हतं. किडनीचा ठोकळा पल्लवीच्याच आवाजात होता. त्यात तिने बटाटा घातला नव्हता, कारण रोजच्या स्वयंपाकात किडनीवाल्यांचा बटाटा बारीक चिरून, दोनदा उकळून, पाणी फेकून मगच वापरत. तसा तो चालतो. उपासाच्या कोपऱ्यातला बटाटा मात्र सालासकट शिजत असे. दाणे रोजच्या पथ्याच्या डब्यात कधी नसतच, म्हणून तेही सांगायचं सुचलं नव्हतं. दोन्ही ठोकळे आपापल्या जागी बरोबर होते. पोकळी त्या दोघांच्या मध्ये होती, आणि तिथे काय असायला हवं होतं ते कुणीच कधी बोललं नव्हतं.

मग गेलं वर्षभर बाईंना भगर कोण पाठवत होतं? नुसत्या बाईंनाच नव्हे, चार वर्षं बाकीच्यांनाही?

बाईंचा निरोप आला होता; संध्याकाळी पाच वाजता ती त्यांच्या दारात उभी राहिली. नवा डबा आधीच पोचला होता. बाईंनी तिला पुढच्या खोलीत नेलं, पाणी दिलं, आणि जुना लॅपटॉप समोर सरकवला. त्याची एक बिजागरी दोऱ्याने बांधलेली होती.

"शाळेतल्यासारखी उभी राहू नकोस. हे वाच."

काळ्या पडद्यावर ओळीच ओळी. कित्येक वर्षांनी पल्लवी त्या पाहत होती. बाईंनी बोट ठेवलं तिथे तीनच ओळी होत्या. उपास असेल आणि पथ्य किडनीचं असेल, तर ताट बदला: भगर, दुधी, दाणे नाहीत, बटाटा नाही. आणि त्यांच्या वर, यंत्राने न वाचायची, फक्त माणसांसाठी लिहिलेली एक टीप: 'हसीनाला विचारल्याशिवाय काढू नये.'

पल्लवीने ती दोनदा वाचली.

"हे काढू का, असं मी कुणालाच विचारलं नाही," ती म्हणाली. "बंद केला तेव्हा हा भाग उघडूनही पाहिला नाही. सगळ्यांना बसवून म्हटलं, ज्याला जे नियम माहीत असतील ते पाटाला सांगा. भाभी म्हणाल्या, मी आचारी, मला कसले नियम माहीत."

"तुझी चूक मोजायला नाही बोलावलं तुला. माझी सांगायचीय." बाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "या तीन ओळी पहिल्यापासून नव्हत्या. सोळा वर्षांपूर्वी एके दिवशी हसीना माझ्याकडं क्लासमध्ये आली. म्हणाली, बाई, उपासाच्या डब्यातनं किडनीवाल्यांना बटाटा जातोय, तुमच्या मशीनला सांगा. मी म्हटलं, सांगते. माझी पद्धत होती. एक तारखेलाच बदल करायचे, सगळे एकत्र, नीट तपासून. तेव्हा वीस तारीख होती. अकरा दिवस. मधे एकादशी येते हे मी पाहिलं नाही."

पल्लवीने लॅपटॉपवरची नजर काढून बाईंकडे पाहिलं.

"एस.टी.तले कंडक्टर होते. घोलप नावाचे. एकादशीचा डबा खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी गेले. डब्यामुळं की आजारामुळं, ते डॉक्टरांनी कधी नक्की सांगितलं नाही. मला आजही माहीत नाही." बाईंनी चष्मा पुन्हा लावला. "लिहायला किती वेळ लागला या तीन ओळींना? दहा मिनिटं. म्हणून तू ठोकळे आणलेस तेव्हा मला वाईट वाटलं नाही गं. तुला वाटतं तसं. मी मनात म्हटलं, आता हसीनाला कुणाकडं चिठ्ठी घेऊन जिना चढावा लागणार नाही. आणि डायलिसिस सुरू झाल्यावर संकष्टीला भगर आली, तेव्हा तर फारच बरं वाटलं. म्हटलं, पोरीनं माझ्या तीन ओळी सांभाळून नेल्यात."

हे शेवटचं ऐकताना पल्लवीला खाली बघावं लागलं.

मग दोघींनी मिळून गोकाकला फोन लावला. मागे लहान बाळ रडत होतं. हसीनाभाभीचा आवाज आधी आनंदी होता, नात झाली म्हणून. मग पल्लवीने सगळं सांगितलं तसा तो खाली गेला.

"मी नसताना अंगारकी आली होय. कॅलेंडर बघून अंगारकी झाल्यावरच निघणार होते मी. बाळंतपण आठ दिवस पुढचं धरलं होतं, पोरगीनं घाई केली." मग तिने विचारलं, "ती बाई बरी आहे?"

"बरी आहे. भाभी, भगर तुम्ही करत होता?"

"मग कोण करणार? झाकणाच्या कोपऱ्यात किडनीवाल्यांचा निळा ठिपका असतो की. तो दिसला की माझ्या छोट्या पातेल्यातलं भरायचं."

"ते छोटं पातेलं? आम्हाला वाटायचं, ते तुमचं जेवण."

"माझं जेवण मी घरनं आणते. अळणी भगर मी कशाला खाऊ?"

बाईंना हसू आलं. त्या फोनकडे वाकल्या. "हसीना, माझ्या प्रोग्रॅममध्ये तर ते होतंच ना? तेव्हापण तू पातेलं ठेवायचीस?"

"ठेवायची की. राग मानू नका बाई. तुमच्या मशीनवर विश्वास होता माझा. पण घोलप गेले तेव्हापासून हात थांबत नव्हता."

"मग पाटाला का नाही सांगितलंस?"

पलीकडे बाळ शांत झालं होतं. "ते सांगण्यासारखं काम आहे असं वाटलंच नाही कधी," भाभी म्हणाली. "आपण भात केल्यावर शीत दाबून बघतो, ते सांगतो का कुणाला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पल्लवीने नवा ठोकळा केला. नियम सांगून झाल्यावर ती तशीच पुढे बोलत राहिली: हसीनाभाभीचं पातेलं, घोलप कंडक्टर, अकरा दिवस, उलटं झाकण. पाटाने ऐकून घेतलं आणि म्हणाला की नियमाला एवढी माहिती लागत नाही, पुढचा भाग गाळू का. "गाळू नको," ती म्हणाली. आता त्या ठोकळ्याला बोट लावलं की तो पूर्ण दोन मिनिटं बोलत असे. नव्या आलेल्या बायकांना पल्लवी तो आधी ऐकवायची. झाकणांच्या खालच्या बाजूलाही अक्षरं उमटावीत अशी सोय करून घेतली; ते काशव्वाने सुचवलं. आणि बाई आठवड्यातून एकदा, डायलिसिस नसलेल्या दिवशी, येऊन ठोकळ्यांच्या मधल्या जागा तपासू लागल्या. पूर्वी मुलांच्या वह्या तपासायच्या तशा, हातात पेन्सिल घेऊन. शोभाताई घरी गेल्या होत्या. जाताना त्यांनी निरोप ठेवला होता की पुढच्या संकष्टीला भगरीत थोडं जिरं घालून बघा.

तीन आठवड्यांनी हसीनाभाभी परतली ती नातीची बर्फी घेऊन, आणि आणखी एक बातमी घेऊन. पाडव्यानंतर ती कायमची लेकीकडे जाणार होती.

ते ऐकून पल्लवीने तिच्या कोपऱ्यात एक स्टूल नेऊन ठेवलं आणि पाट उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला.

"हे काय?" भाभी म्हणाली. "तू बघत बसलीस तर भाजी कोण चिरणार?"

"दुसऱ्या आहेत. तुम्ही रोजच्यासारखं करा. मी नाही असं समजा."

"एवढी मोठी बाई नाही असं कसं समजू?"

पण काम सुरू झालं आणि भाभी तिला विसरली. पल्लवी पाहत होती. एका डब्यातल्या उपासाच्या थालीपीठाचे भाभीने चार तुकडे केले. "सहा नंबरच्या आजोबांचा एक हात अधू आहे, त्यांना तोडता येत नाही." ठोकळा झाला. एका डब्यात वाटी डावीकडून उजवीकडे ठेवली. एका झाकणाला तूप पुसलं, कारण त्या म्हाताऱ्या बाईच्या बोटांत जोर नव्हता आणि झाकण घट्ट बसायचं. प्रत्येक वेळी पल्लवी विचारायची, भाभी क्षणभर गोंधळून स्वतःच्या हाताकडे बघायची आणि मग सांगायची. दुपारपर्यंत एकोणीस ठोकळे झाले. त्यांतल्या एकाचाही पत्ता चारशे अकरांना नव्हता. बाईंच्या चौदा हजार ओळींनाही नव्हता.

"भाभी, अजून काय काय करता तुम्ही?"

"विचारल्यावर आठवत नाही गं. करताना आठवतं."

पाडव्याला एकावन्न दिवस उरले होते. भाभीने पुढचा डबा ओढला, झाकण लावण्यापूर्वी तो किंचित हलवून कानाशी नेला, आणि कसलंसं समाधान झाल्यासारखा खाली ठेवला. का, ते पल्लवीला कळलं नाही. विचारेपर्यंत भाभीचा हात पुढच्या डब्यावर गेला होता.

मांडीवरचा पाट उजळला.

"आणखी काही?" त्याने विचारलं.

पल्लवीच्या ओठांवर नेहमीचं 'एवढंच' आलं होतं. ते तिने तसंच ठेवलं आणि स्टूल थोडं आणखी जवळ सरकवलं.